अशी नोंद आमच्याकडे नाही

३ जून

ओडेसा मावशी,

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी 'भगिनी गायनमंडळ' वाचून तू हे फोडलंस ना? फसलीस. मी आहे, टेवियन. आता फोडलंच आहेस तर वाचून टाक. परत चिकटवायला डिंक कुठे शोधत बसशील?

फोन तू घेत नाहीस. माझा नंबर अडवलास, ठीक आहे, मी त्याच लायकीचा. पण आईचाही? सख्ख्या बहिणीचा? ती म्हणते, "श्रेव्हपोर्टला जाऊन महाराणी झाली ती. मी मेले की कळवा म्हणावं, तेव्हा तरी वाजू दे तिचा फोन." असं म्हणते आणि मग तासभर भांडी आपटते.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे नाही. चर्चच्या तळघरातलं आपलं शनिवारचं शिबिर बंद पडलं, पण लोकांना कोण सांगणार? गेल्या शनिवारी मी खुर्च्या आवरायला गेलो, तर दारात एक आजोबा. कोट-बिट घालून, हातात पिवळे पडलेले कागद. म्हणाले, "गांजाच्या जुन्या केसी पुसून देणारी बाई कुठाय?" मी म्हटलं, सुट्टीवर गेलीय. तर म्हणतात, "नऊ वर्षं मी या दारावरून जातोय. ती बाई एक शनिवार चुकली नाही. आज मी हिंमत करून जिना उतरलो आणि आजच तिला सुट्टी लागली?"

मी त्यांना एक खुर्ची देऊन टाकली. घेऊन गेले.

तुझ्या नावाने बोंब मारणारेही आहेत. तो न्हाव्याच्या दुकानातला जाड्या सगळ्यांना सांगत सुटलाय, "नऊ वर्षं महापालिकेत घसा फोडत होती. म्हणे, गांजापायी ज्यांना आत टाकलं त्यांना आधी दुकानं द्या, बंगल्यातल्या गोऱ्यांना नंतर. आणि शेवटी काय केलं? स्वतःच्याच माणसासाठी खोटा कागद सरकवला." मी फक्त त्याच्या गाडीच्या काचेवर एक नोटीस चिकटवली, शिक्क्यासकट. 'सदर चालक तोंड उघडं ठेवून वाहन चालवत असल्याने तपासणीस हजर राहावे.' गेला ना तो खरंच. दोन तास रांगेत उभा होता म्हणे.

तू असतीस तर ओरडली असतीस, "या पोराच्या हातात देवाने शिक्का दिला आणि अक्कल दुसऱ्याच कुणाला दिली." आणि मग तोंड फिरवून हसली असतीस.

लिओटिस काका बरा आहे. त्याने तो कागद का बनवला, कसा बनवला, मला काही माहीत नाही. विचारलं की खांदे उडवतो. तू एकदा फोन कर. मला नको, त्याला कर.

टेवियन

२० जून

मावशी,

या वेळी मी 'मधुमेह तपासणी केंद्र' आहे. तुझ्या साखरेच्या भीतीने तरी फोडशील. पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे एक तर तू वाचलंस किंवा चुलीत घातलंस.

काल तळ्यावर जूनटीन्थचा सण होता. सगळे होते. आईने लाल सरबत केलं होतं, ते नेहमीसारखं कुणी प्यायलं नाही. काका शेगडीवर सॉसेज उलटत होता, अंगावर पहारेकऱ्याचा गणवेश, कारण पाचला त्याची ड्यूटी. त्याच्या खिशातून एक लांबट पाकीट डोकावत होतं. मी म्हटलं, "काका, प्रेमपत्र का?" तर म्हणाला, "हो. सरकारचं. सरकारला मी फार आवडतो, सारखं बोलावतं."

समन्स आहे, मावशी. परवाना कार्यालयात खोटा कोर्टाचा कागद दाखल केला म्हणून. अठ्ठावीस जुलैला हजर राहायचंय. गुलामी संपल्याच्या दिवशी तो ते खिशात घालून सगळ्यांना वाढत होता. ज्या दुकानाच्या दाराशी तो उभा राहतो तिथून हाकलतील त्याला, हे कळलं की. तेही काय काम! जे विकलं म्हणून तीन वर्षं आत काढली, तेच आता काचेच्या बरण्यांत मांडून विकतात आणि हा दाराशी ओळखपत्रं तपासतो. मालकाची नऊ दुकानं आहेत. काकाला 'बॉस' म्हणतो तो, का तर नाव लक्षात राहत नाही.

मला मार्चमधला तो दिवस डोक्यातून जात नाही. तू होतीसच, तरी सांगतो.

जानेवारीत शिबिरात तू काकाचाच नंबर पहिला लावलास. पहारेकऱ्याचं काम मिळायला जुनी केस आड येत होती. पुसलीस. कोर्टाने फाईलसुद्धा फाडून टाकली, आणि आपण केक कापला. केकवर 'नवजात बालकाचे अभिनंदन' मीच लिहून घेतलं होतं, बेकरीवाल्याची चूक नव्हती ती. आणि मार्चमध्ये गांजाच्या दुकानाच्या, आपल्या हक्काच्या परवान्याचे अर्ज निघाले, ज्यासाठी तू नऊ वर्षं भांडलीस. पहिलीच अट: गांजासाठी शिक्षा झाल्याची कोर्टाची प्रत जोडा.

मी तुझा चेहरा बघितला, मावशी. या शहरात जिला एकेक कलम तोंडपाठ, तिने आपल्या माणसाचा गुन्हा आधी पुसला आणि अर्ज नंतर भरायला घेतला.

कोर्टाच्या खिडकीतली ती बाई. "अशी नोंद आमच्याकडे नाही."

तू म्हणालीस, "पुसली म्हणूनच नाही. आम्हीच पुसून घेतली."

"पुसली याचीही नोंद नाही, बाई. पुसली म्हणजे पुसली."

आणि काका खिडकीत डोकं घालून काय म्हणाला? "म्हणजे मी काही केलंच नव्हतं? मग माझी ती तीन वर्षं कोण जगून आलं, जरा बघून सांगता का?" अख्खी रांग हसली. मीही. तू नाही हसलीस.

दुसरी वाट होती, ठरावीक वस्त्यांत दहा वर्षं राहिल्याचा पुरावा. पण काका सुटल्यापासून कधी या भाचीकडे, कधी त्या मित्राकडे. सोफ्यावर झोपणाऱ्याच्या नावाने विजेचं बिल येत नाही. तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी भरू, तोवर अट बदलून घेते मी." तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी एकसष्ट." अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती, आणि तो मंगळवार होता.

पुढचं तुला माहीत आहे. म्हणजे तुला वाटतं की माहीत आहे. जाऊ दे.

टेवियन

८ जुलै

मावशी,

रेव्हरंड हॉलिसना तळघरातली तुझी खोली पाळणाघरासाठी हवी आहे. म्हणाले, "टेवियन, बहीण ओडेसाचं सामान उचल, आणि कृपा करून भिंतीवर काही लिहून ठेवू नकोस." म्हणून मी खोके भरत होतो. आकड्यांचे तक्ते, तुझी भाषणं. कुणीही विचारलं की तुम्ही या कामात कशा आलात, तर तू आकडे सांगायचीस. किती काळे पकडले, किती गोरे सोडले. मी बारा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. काकाचं नाव त्यात कधी आलं नाही. मला वाटायचं, तो रविवारी जेवायला येणारा तुझा एक जुना मित्र.

कपाटाच्या तळाशी बुटांचा खोका. त्यात तुरुंगातून आलेली पत्रं. एकेचाळीस. वरची सहा फोडलेली, पस्तीस बंद.

मावशी, तुमचं लग्न ठरलं होतं?

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "ठरलं होतं. कपडे शिवून झाले होते. त्याने तिला शपथ घातली होती की धंदा सोडला, आणि लग्नाच्या आधी अकरा दिवस पकडला गेला. तिने सहा पत्रं वाचली आणि मग म्हणाली, आता बास."

मी एक पाकीट फोडलं. घाल शिव्या. जाड होतं, म्हणून. आत कोर्टाचा कागद, १९९९ सालचा. न्यायाधीशाची सही, शिक्का, कलम, तीन वर्षं. आणि सोबत एक चिठ्ठी. तशीच उतरवून देतो:

'ओडी, हा कागद तुझ्याजवळ ठेव. इथे ओलीने सगळं खराब होतं. सुटल्यावर कुठेतरी दाखवायला लागेल म्हणतात. तू कागद हरवत नाहीस.'

तो कागद तेवीस वर्षं तुझ्याच कपाटात होता. ज्या खिडकीवर आपण तीन दिवस डोकं आपटलं, तिथून तुझी खोली चालत वीस मिनिटांवर.

मी धावतच गेलो परवाना कार्यालयात. तिथल्या माणसाने कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, "हा खरा आहे."

"मग घ्या ना!"

"खोटा कागद देणाऱ्याचा अर्ज कायमचा बाद होतो. त्यानंतर त्याने खरा आणला तरी घेता येत नाही." बिचारा वाईट नव्हता. मला म्हणाला, "हाच मार्चमध्ये का नाही आणलात?"

मग काकाच्या दुकानापाशी गेलो. तो दारातच होता, एका पोरीला सांगत होता की ग्रंथालयाचं कार्ड हे ओळखपत्र नव्हे. मी त्याला पाकीट दाखवलं. त्याने हात लावला नाही. बंद होतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो.

"मला वाटलं फेकली असतील तिने," म्हणाला. "म्हणून तर मार्चमध्ये विचारलं नाही. काय विचारणार? तू माझी पत्रं फेकलीस का, असं?" मग पुढच्या गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघितलं, दार उघडून दिलं. नंतर म्हणाला, "तिला सांगू नकोस. ती स्वतःला खाईल."

मी सांगितलं. मी कधी कुणाचं ऐकलंय?

टेवियन

११ जुलै

मावशी,

आज पाकिटावर माझंच नाव आहे. फोडायचं तर फोड.

तो कागद मी बनवला.

मार्चमधल्या त्या बुधवारी, चर्चच्या प्रिंटरवर. शिक्का खोडरबरातून कोरला, सही तीनदा गिरवली, चहाच्या पाण्यातून कागद काढून इस्त्री केली. काकाला गप्पांत सगळं विचारून घेतलं होतं. न्यायाधीश कोण होता, तारीख काय, किती वर्षं. त्याला वाटलं मी असंच विचारतोय. गुरुवारी त्याला म्हटलं, कोर्टात माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिने जुन्या गोदामातून ही प्रत काढून दिली. त्याने विश्वास ठेवला, मावशी. तारखेवर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "बघ. कुणीतरी ठेवलं होतं लिहून." इतका खूश झाला की मला वाटलं, मी किती भारी काम केलं. शुक्रवारी तू शिबिराच्या नावाने अर्ज भरलास, आणि जोडला कागद.

मला वाटलं, खोटं कुठे आहे यात? प्रत्येक अक्षर खरं आहे. शिक्षा खरी, वर्षं खरी. जे फाडलं तेच मी परत लिहिलं. मी फक्त माथ्यावर कोर्टाचं चिन्ह नवीन लावलं, आत्ता वापरतात ते. १९९९ मध्ये ते नव्हतंच. तपासणाऱ्या बाईला दोन मिनिटं लागली.

कागद खोटा ठरला त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात तू टेबलावर हात ठेवून विचारलंस, "हा कुणी बनवला?" मी तुझ्या मागे उभा होतो, तोंडात तुझ्याच हातचा पीच कॉबलर. काकाने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, एकदाच. त्याला त्या क्षणी कळलं. आणि म्हणाला, "मी."

तू त्याला काय काय बोललीस ते मी लिहीत नाही. "दुसऱ्यांदा, लिओटिस. दुसऱ्यांदा तू माझं तोंड काळं केलंस," हे एवढं म्हणालीस ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता खोका बघितल्यावर कळलं. माझ्याकडे तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मी गाढव आहे, पण इतका गाढव असेन असं तुला वाटलंच नाही.

मी घास गिळला. त्या दिवशी एवढंच केलं मी.

नंतर जिन्यात काकाने माझी मान धरली. जोरात नाही. म्हणाला, "गेल्या वर्षीच्या खोट्या नोटिशींपायी तुझ्यावर कोर्टाची देखरेख आहे. अजून एक शिक्का निघाला की दोन-तीन वर्षं आत. मी राहून आलोय तिथे, मला माहीत आहे कुठली खाट कोरडी असते. तुझे जोक तिथे कुणाला कळायचे नाहीत. तू गप बस." आणि मी गप बसलो. बोंबलून जगणारा मी, चार महिने गप बसलो.

अठ्ठावीसला मी कोर्टात सांगणार आहे. दुपारी दीडला आहे, काका म्हणाला. मी न्यायाधीशासमोर सांगेन की हा माणूस खोटं बोलतोय, कागद माझा आहे. तू ये किंवा नको येऊस. पण त्याच्यावरचा राग आता माझ्यावर घे. माझा आहे तो.

टेवियन

२८ जुलै

मावशी,

आईचा काळा कोट घातला होता, बाह्या आखूड. सव्वा वाजताच पोचलो. काय बोलायचं ते हातावर लिहून ठेवलं होतं, कारण मी आयत्या वेळी जोक करतो.

खोलीला कुलूप. बाहेर बाकावर सरकारने त्याला दिलेली वकीलबाई बसली होती, मिस क्वान, मांडीवर सँडविच. मी म्हटलं, लिओटिस ब्रुसार्डची केस दीड वाजता ना?

"साडेआठला होती," ती म्हणाली. "झाली."

मावशी, मी आयुष्यात इतक्यांना गंडवलं. मला कुणी गंडवलं नव्हतं. त्याने मला दीड सांगितलं आणि साडेआठला उभं राहून गुन्हा कबूल केला. सहा महिने. तिथूनच नेला. परवान्यांत फार खोटेपणा चाललाय, उदाहरण घालून द्यायला हवं, असं न्यायाधीश म्हणाले म्हणे.

मी म्हटलं, "पण तो कागद—"

तिने हात वर केला. "थांब. तू जे सांगणार आहेस ते मी ऐकलेलं नाही. आणि कुणाला सांगायच्या आधी हे ऐक. त्याने शपथेवर कबूल केलंय. आता तू तोंड उघडलंस तर तू आत जाशील, आणि कोर्टाशी खोटं बोलला म्हणून त्याच्यावर आणखी एक कलम लागेल. एकाच्या जागी दोघं. त्याने मला हे दहा दिवसांपूर्वीच विचारून ठेवलं होतं."

मी उभाच होतो. ती म्हणाली, "बस. त्याने सांगितलंय, पोरगा दीडला येईल, त्याला नीट समजावून सांगा आणि काहीतरी खायला द्या." अर्धं सँडविच दिलं तिने. टर्की होती. मी खाल्लं, मावशी. पुन्हा खाल्लं.

जानेवारीत तू त्याची पाटी स्वच्छ केली होतीस. आता तिच्यावर एक ओळ आहे आणि ती माझ्या हातची आहे. ही पुसायला कायदा नाही. मी विचारलं. गांजाची असती तर पुसता आली असती.

हातावरचं घामाने गेलं. नाहीतर तुला लिहून पाठवलं असतं.

टेवियन

१३ ऑगस्ट

मावशी,

पाच पत्रं गेली, एकही परत आलं नाही. मी विचारत नाही वाचलीस का. काकाने तुला पस्तीस लिहिली, न वाचलेली. मी आत्ता कुठे सहाव्यावर आहे.

आज त्याला भेटायला गेलो होतो. दोन बस बदलून जावं लागतं, शेवटी मोकळं माळरान आणि तारेचं कुंपण. बायका, पोरं, सगळे नटूनथटून रांगेत. माझा नंबर आला. मी खिडकीतल्या पोलिसाला नाव सांगितलं. त्याने शोधलं, म्हणाला, "यादीत नाहीस."

मी म्हटलं, "नीट बघा साहेब, टेवियन. तो माझा काकाच आहे म्हणजे—"

"भेटायला कोणाला येऊ द्यायचं ते कैदी स्वतः लिहून देतो. तुझं नाव नाही."

मी हटलो नाही. मागचे शिव्या द्यायला लागले. एक बाई म्हणाली, "अरे बाबा, त्याला नाही बघायचं तुझं तोंड, सरक ना." शेवटी पोलिसाने कंटाळून पडदाच माझ्याकडे वळवला.

तीन जणांची जागा असते, मावशी. त्याने एकच नाव दिलंय. तुझं. पूर्ण, मधल्या नावासकट, जे मला आजवर माहीत नव्हतं. पुढे नात्याचा रकाना आहे. तिथे लोक बायको लिहितात, आई लिहितात. त्याने रिकामा ठेवलाय.

मी विचारलं, असं चालतं का? पोलीस म्हणाला, "चालत नाही. ती बाई आली की तिला विचारून भरणार."

भेट रविवारी, नऊ ते अकरा. ओळखपत्र लागतं, डबा नेऊ देत नाहीत. माझ्याकडे यायची गरज नाही, आईकडेही नंतर ये.

खिडकी डावीकडून दुसरी.

टेवियन